डोपामिनच्या गोळ्या: कोणती सोडायची, कोणती कमी करायची आणि कोणतीला हात लावायचा नाही

मुलुंडहून एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ७१ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन ९ वर्षं झाली. रोजच्या गोळ्या अशा: सिंडोपा प्लस दीड गोळी दिवसातून चार वेळा, प्रॅमिपेक्सोल अर्धा मिलिग्रॅम तीन वेळा, अमँटाडीन १०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि पॅसिटेन २ मिलिग्रॅम दोन वेळा. आयुष्यभर काटकसरीने राहिलेल्या या माणसाने वर्षभरात स्टेशनबाहेरच्या लॉटरीच्या दुकानात आणि मोबाइलवर शेअरच्या ऑप्शन्समध्ये दोन फिक्स्ड डिपॉझिटं घालवली. दिवेलागणीनंतर त्यांना हॉलमध्ये अनोळखी माणसं बसलेली दिसतात. गावच्या काकांचं म्हणणं, हे सगळं गोळ्यांनी झालंय, सगळ्या आजच बंद करा आणि कपिकच्छू या आयुर्वेदिक वनस्पतीचं चूर्ण सुरू करा. ताईंनी विचारलंय की असं करता येईल का, आणि करायचं तर कसं.

ताई, काकांचा संशय खरा आहे. पैशांचं वेड आणि माणसं दिसणं, दोन्ही गोष्टी बहुधा औषधांशी जोडलेल्या आहेत. त्यांचा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो. बाबांच्या चार औषधांपैकी एक लवकर जायला हवं, दुसरं अतिशय सावकाश जायला हवं, तिसऱ्याचा विचार नंतर करायचा, आणि चौथं, म्हणजे सिंडोपा, एकदम बंद करायचं नाही. एक दिवसही नाही. हे का, ते जरा खोलात सांगतो, कारण कारण कळलं की घरातल्या बाकीच्यांना समजावणं तुम्हाला सोपं जाईल.

आधी बाबांच्या पिशवीत काय आहे ते पाहू. सिंडोपा प्लसच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. लेव्होडोपापासून मेंदू डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं आणि पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं रसायन, तयार करतो. कार्बिडोपा मेंदूत जात नाही. लेव्होडोपाचं डोपामिन वाटेतच, मेंदूबाहेर होऊ नये आणि त्यामुळे मळमळ होऊ नये, एवढ्यासाठी ते असतं. म्हणजे बाबांना दिवसाला ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा मिळतं. प्रॅमिपेक्सोल हे डोपामिन नव्हे. ते डोपामिनच्या जागी जाऊन स्वतः बसतं, आणि मेंदूच्या ज्या भागात बक्षिसाची, जिंकण्याची ओढ तयार होते तिथे त्याचा जोर जास्त असतो. अमँटाडीन बहुतेक वेळा अंगाच्या नको असलेल्या वळवळीसाठी दिलेलं असतं. पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, डोपामिनला हातच लावत नाही. ते ॲसिटिलकोलिन हे मेंदूतलं दुसरं रसायन अडवतं, थरथर थोडी कमी करतं आणि वयस्कर माणसाची स्मरणशक्ती, शौच आणि लघवी यांचा मोबदला घेतं. माझं स्पष्ट मत आहे की सत्तरीच्या पुढच्या पार्किन्सन्सच्या माणसाला पॅसिटेन देऊ नये. तरीही जुन्या चिठ्ठ्यांवर ती वर्षानुवर्षं तशीच पुढे चालू राहते, कारण ती कुणी काढतच नाही.

आता लेव्होडोपा एकदम बंद केलं तर काय होतं? काही जणांना पहिले दोन-तीन दिवस फारसं काहीच होत नाही, आणि याच गोष्टीने घरचे फसतात. लेव्होडोपाचा रक्तातला मुक्काम अगदी थोडा, कार्बिडोपासोबत घेतलं तरी दीड-एक तासात त्याची पातळी निम्म्यावर येते. पण नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या हालचालींत दुसराही एक, सावकाश साठत गेलेला फायदा असतो, आणि तो गोळी बंद केल्यावर काही दिवस ते दोनेक आठवडे हळूहळू ओसरत जातो. जितका आजार जुना तितका तो लवकर ओसरतो. म्हणून चूर्ण सुरू करून सिंडोपा थांबवली की तिसऱ्या दिवशी काका म्हणतात, ‘बघ, काही झालं का?’ मग चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांना कूस बदलता येत नाही, घास गिळता येत नाही, लाळ श्वासनलिकेत जाते. तोपर्यंत कुणाच्या मनातही येत नाही की याचा संबंध आठवड्यापूर्वीच्या निर्णयाशी आहे.

यातलं सगळ्यात भयंकर रूप म्हणजे अंग लाकडासारखं कडक होणं, १०३-१०४ ताप, दरदरून घाम, नाडी आणि बीपी वरखाली, आणि माणूस बरळू लागणं किंवा ग्लानीत जाणं. औषध थांबवल्यापासून साधारण एक दिवस ते एक आठवडा या काळात हे उद्भवतं. आखडलेले स्नायू विरघळू लागतात, रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंतून सुटणारं द्रव्य, प्रचंड वाढतं, किडनी बंद पडू शकते, आणि उपचार मिळूनही काही रुग्ण दगावतात. मुंबईत ही अवस्था पावसाळ्यात आली तर पहिला संशय मलेरिया, डेंगी किंवा लेप्टोचा घेतला जातो, आणि तो घ्यायलाही हवा. पण त्याच वेळी ‘यांची सिंडोपा चार दिवसांपासून बंद आहे’ हे वाक्य कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या कानावर घालणारं कुणीतरी लागतं. कारण यावरचा मुख्य इलाज म्हणजे आयसीयूत सलाइन आणि ताप उतरवण्याच्या जोडीला, नाकातून नळी घालून का होईना, लेव्होडोपा परत सुरू करणं.

औषधाला सुट्टी देण्याची कल्पना डॉक्टरांनाही एकेकाळी पटलेली होती. लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेची किमया १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी दाखवली. काही वर्षांत वळवळ आणि भास हे त्रास दिसू लागले. तेव्हा १९७० च्या दशकात रुग्णाला हॉस्पिटलात ठेवून काही दिवस गोळ्या पूर्ण थांबवायच्या, मेंदूला ‘विश्रांती’ द्यायची आणि मग कमी मात्रेवर परत सुरू करायचं, अशी पद्धत निघाली. परत सुरू केल्यावर थोडा काळ बरं वाटायचंही, पण ते टिकायचं नाही. आणि त्या मधल्या दिवसांत न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, त्या फुफ्फुसात जाणं, खोल नैराश्य, वर सांगितलेला ताप, असं सगळं होत गेलं. ती पद्धत सोडून दिली गेली. हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेखाली जे धोक्याचं ठरलं ते मुलुंडच्या फ्लॅटमध्ये करू नका, एवढंच मला काकांना सांगायचं आहे.

काकांसारख्यांच्या मनात आणखी एक समज घट्ट असतो: लेव्होडोपा पाच वर्षं चालते, मग तिची ताकद संपते, म्हणून मधेमधे बंद ठेवावी किंवा उशिरा सुरू करावी. याची तपासणी झालेली आहे. घानामध्ये औषध सहज मिळत नसल्याने रुग्णांना लेव्होडोपा उशिरा सुरू होते, इटलीत लवकर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन देशांतल्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा गोळीच्या असरातले चढउतार आणि वळवळ दोन्हीकडे आजाराच्या साधारण सारख्याच वर्षी दिसली. गोळ्या किती वर्षं घेतल्या याचा त्यात फारसा वाटा नव्हता, आजार किती वर्षांचा आहे याचा होता. २०१९ मधल्या नेदरलँड्सच्या अभ्यासातही सुरुवातीपासून लेव्होडोपा घेणारे आणि ४० आठवडे उशिरा सुरू करणारे शेवटी सारख्याच स्थितीत निघाले. म्हणजे गोळी आजार थांबवत नाही, आणि वाढवतही नाही. बाबांचा गोळीचा असर आता तीन तासांतच उतरत असेल तर त्याचं कारण मेंदूतल्या पेशी कमी झाल्या हे आहे. गोळीची ‘सवय’ झाली असं ते नाही.

आणि लेव्होडोपा मुद्दाम बंद केली नाही तरी आपल्याकडे ती कशी कशी बंद पडते ते पाहा. गणपतीला कोकणात निघताना गोळ्यांचा डबा घरी राहतो आणि तालुक्याच्या गावात तीच गोळी मिळत नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास म्हणून गोळी नको. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘काही खाऊ-पिऊ नका’ म्हटलं म्हणून सकाळच्या दोन मात्रा चुकतात, मग ऑपरेशननंतर कुणी सुरू करायची हे ठरेपर्यंत आणखी तीन. उपासाला लेव्होडोपा चालते, उलट रिकाम्या पोटी ती जास्त चांगली शोषली जाते, कारण डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांशी तिची स्पर्धा असते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येईल का, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून लिहून घ्या. बहुतेक वेळा येते. प्रवासात गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

आता मूळ कामाकडे येऊ. बाबांच्या गोळ्या कमी करायच्या आहेत, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

पण भास होतात म्हणून औषध कमी करण्याआधी भास नवे आहेत का, एकदम वाढलेत का, हे बघायचं. लघवीची तपासणी, सोडियम, किडनी, शुगर, बी१२, छातीचा फोटो, आणि शौचाला किती दिवस झालं नाही याची साधी चौकशी. लघवीतल्या जंतुसंसर्गाने किंवा सोडियम उतरल्याने म्हातारा माणूस दोन दिवसांत बरळू लागतो, आणि पार्किन्सन्स असेल तर लवकर. नव्याने सुरू झालेली दुसरी गोळीही पाहा, झोपेची, सर्दीची, लघवीच्या घाईची. हे सगळं नीट निघालं की मग कात्री.

पहिली कात्री पॅसिटेनला. बाबांना दिवसाला ४ मिलिग्रॅम आहे. आठवड्याला अर्धी गोळी, म्हणजे १ मिलिग्रॅम कमी केलं तरी महिन्याभरात ती सुटते. एकदम सोडली तर घाम, मळमळ, बेचैनी आणि थरथर उसळून येते, म्हणून इतकंही सावकाश. सुटल्यावर थरथर किंचित वाढू शकते. हाताची थरथर थोडी जास्त आणि डोकं ताळ्यावर, हा सौदा मी कधीही घेईन. बऱ्याच घरांत पॅसिटेन सुटल्यावर पंधरा-वीस दिवसांत लोक म्हणतात की बाबा पुन्हा पेपर वाचायला लागले.

दुसरं प्रॅमिपेक्सोल, आणि इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण बाबांचे पैसे इथे गेलेत. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही जणांमध्ये जुगार, बेसुमार खरेदी, अधाशासारखं खाणं किंवा लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं, असं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांमध्ये यातला एखादा तरी त्रास सापडला. न घेणाऱ्यांत तो ७ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे बाबांचा स्वभाव बिघडलेला नाही. आई त्यांच्याशी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. आईंना हे कृपा करून सांगा. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकलचा पास काढताना सुटे पैसे मोजले, त्याने उगाच डिपॉझिटं मोडलेली नाहीत. त्याच्या मेंदूत जिंकण्याची तहान बाहेरून वाढवली गेली होती. बहुतेकांमध्ये औषध कमी झाल्यावर ही तहान उतरते. काहींमध्ये ती पूर्ण जायला महिने लागतात.

तर हे औषध जायला हवं. पण इथेही घाई नको, कारण हे सोडताना एक वेगळाच त्रास होतो आणि तो ओळखला नाही तर भलताच इलाज सुरू होतो. या त्रासाचं पहिलं नीट वर्णन २०१० मध्ये झालं. ज्यांना आधी जुगारासारखा त्रास झालेला असतो, नेमकं त्यांनाच तो जास्त होतो. त्या पहिल्या अभ्यासात औषध कमी केलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो झाला होता. अस्वस्थता, धास्तीचे झटके, चिडचिड, घाम, अंगदुखी, थकवा, काहीच नकोसं वाटणं, आणि त्या गोळीची ओढ.

गिरगावातल्या एका आजींचं सांगतो. रोपिनिरोल निम्म्यावर आणलं तोवर सगळं ठीक होतं. पुढच्या पायरीनंतर आठवड्याभरात त्या पहाटे चारला उठून पलंगाच्या कडेला बसू लागल्या. पंखा पूर्ण वेगात, तरी मानेवर घाम. ‘छातीत नुसती हुरहूर होते, कुणीतरी वाईट बातमी आणणार असं वाटतं,’ एवढंच सांगायच्या. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. घरच्यांनी जादा सिंडोपा दिली, तर हात मोकळे झाले, वळवळ वाढली, पण हुरहूर जागची हलली नाही. ही त्या त्रासाची खूणच आहे: लेव्होडोपा वाढवून तो जात नाही. आम्ही एक पायरी मागे गेलो, तिथे दीड महिना थांबलो, आणि मग आधीच्या निम्म्याने, तेही तीन-तीन आठवड्यांनी, खाली उतरत गेलो. झोप आणि चिंता यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली. त्या उतरल्या. सगळे उतरतातच असं नाही. काहींना अगदी छोट्या मात्रेवर थांबावं लागतं, आणि मग पैशांवर बाहेरून पहारा ठेवावा लागतो.

बाबांचं गणित असं बसेल. १.५ मिलिग्रॅम प्रॅमिपेक्सोल हालचालीच्या हिशेबात साधारण १५० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या बरोबरीचं. दर दोन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅम कमी केलं तर तीनेक महिन्यांत ते शून्यावर येतं. औषधाच्या कागदावर यापेक्षा बराच भरभर उतरण्याचा वेग लिहिलेला सापडेल. जुगाराचा त्रास झालेल्या माणसात मी तो वापरत नाही. उतरताना चालणं फारच जड झालं तर सिंडोपा प्लसची अर्धी गोळी, म्हणजे ५० मिलिग्रॅम लेव्होडोपा, एखाद्या मात्रेत वाढवता येते. तीन मात्रांत अर्धी-अर्धी वाढली की हिशेब पुरा होतो. पण भास चालू असताना आधीच वाढवून ठेवायची नाही. लागली तरच. आणि हा आराखडा तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे. बाबांची किडनी, वजन, बीपी मी पाहिलेलं नाही, आणि प्रॅमिपेक्सोल तर किडनीतूनच बाहेर पडतं.

दोन गोळ्या एकाच वेळी कमी करू नका. पॅसिटेन सुटल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, मग प्रॅमिपेक्सोल. नाहीतर काय बिघडलं ते कशामुळे, हे कुणालाच कळत नाही.

अमँटाडीन तिसरं. तेही भासाला हातभार लावतं, जुगाराच्या ओढीलाही लावू शकतं, आणि किडनी मंद असेल तर शरीरात साठतं. पहिल्या दोन गोळ्या गेल्यावर भास थांबले आणि वळवळ त्रासदायक असेल तर ते राहू द्या. भास राहिले तर दोनाची एक कॅप्सूल, मग काही आठवड्यांनी शून्य. हेही एकदम थांबवू नये, बेभान अवस्था येऊ शकते.

एवढं करूनही माणसं दिसत राहिली तर शेवटी लेव्होडोपाची मात्रा थोडी खाली आणता येते, किंवा भासासाठी क्वेटियापीन अगदी छोट्या मात्रेत, साडेबारा मिलिग्रॅमपासून, रात्री सुरू करता येतं. क्लोझापीन जास्त खात्रीचं, पण त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्या लागतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन हीही भासांवरची औषधं, पण ती डोपामिन अडवतात, म्हणून बाबांसाठी विषासमान. रात्री गोंधळ घातला म्हणून नर्सिंग होममध्ये हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जातं आणि सकाळी माणूस पुतळा झालेला असतो. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ही नावं लिहून ठेवा. उलटीसाठीच्या पेरिनॉर्म आणि स्टेमेटिलही त्याच यादीत टाका. उलटीला गरज पडली तर ईसीजी पाहून डॉमपेरिडोन चालतं. आणि सगळे भास घालवायलाच हवेत असंही नाही. बाबांना माणसं दिसतात, पण ती खरी नाहीत हे त्यांना कळतं आणि भीती वाटत नाही, असं असेल तर हॉलमधला दिवा लवकर लावणं, हलणारा पडदा बांधून ठेवणं, चष्म्याचा नंबर तपासणं एवढ्याने भागतं.

आता कपिकच्छू. हे नाव ऐकून नाक मुरडणारा मी नाही. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुहिली, जिच्या शेंगेवरच्या कुसांनी अंगाला आग सुटते. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं. १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळं काढलं होतं. १९७८ मध्ये मुंबईतल्या वैद्यकीय संशोधकांनी, ज्यांत डॉ. अशोक वैद्य आणि डॉ. नोशीर वाडिया होते, या बियांच्या चूर्णाचा पार्किन्सन्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हे औषध खोटं नाही. अडचण वेगळीच आहे. चूर्णातही तेच लेव्होडोपा आहे, तेव्हा ‘गोळ्या बंद करून चूर्ण’ म्हणजे लेव्होडोपा बंद नव्हेच. फक्त मात्रा अंधारात गेली. बियांत ते वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के असतं, पण वाण, जमीन, साठवण यांप्रमाणे बदलतं. चमचाभर ५ ग्रॅम चूर्ण धरलं तर त्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम. शिवाय त्यात कार्बिडोपा नाही, त्यामुळे त्यातलं बरंचसं वाटेतच खर्च होतं. सिंडोपा सोडून नुसतं चूर्ण घेतलं तर मात्रा तुटपुंजी पडते. सिंडोपा चालू ठेवून गुपचूप चूर्ण दिलं तर एकदम जादा होते, भास आणि वळवळ वाढतात. आणि बाबांचे भास व जुगार ज्या गोळ्यांनी आहेत, त्यांवर चूर्णाचा काहीच उपाय नाही. कुटुंबाची श्रद्धा असेल तर डबा डॉक्टरांसमोर ठेवा. चोरून देऊ नका.

सगळ्या गोळ्या पूर्ण सोडता येतील अशीही माणसं असतात, आणि ती ओळखणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोल किंवा रॅबिप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिली जाते आणि लोक ती केमिस्टकडून महिनोन्‌महिने परत परत आणतात. चक्करेसाठी सिनॅरिझिन, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन यांचंही तसंच. ही औषधं डोपामिन अडवतात. वयस्कर माणूस सहा महिन्यांत मंद होतो, हात थरथरतो, चेहरा निर्विकार होतो, आणि पार्किन्सन्स समजून सिंडोपा सुरू होते. एका हाताने डोपामिन अडवायचं, दुसऱ्या हाताने वाढवायचं. अशा रुग्णात अडवणारी गोळी थांबवली की काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत, कधी त्याहून जास्त काळात, लक्षणं उतरतात आणि मग सिंडोपा पायरीपायरीने पूर्ण काढता येते. शंका राहिली तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची स्थिती दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन मदत करतो. तो अशा रुग्णात नॉर्मल येतो, खऱ्या पार्किन्सन्समध्ये नाही. बाबांचा आजार ९ वर्षांचा आणि गोळीचा असर उतरल्याचं त्यांना कळतं, त्यामुळे ते या गटात बसत नाहीत. पण तुमच्या नात्यात कुणाला वर्षभरातच निदान झालं असेल तर घरातल्या सगळ्या कॅप्सूलच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचा.

रात्री पाय अस्वस्थ होतात म्हणून प्रॅमिपेक्सोल घेणाऱ्यांचा मामला वेगळा आहे. त्यांच्यात काही वर्षांनी त्रास संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांतही येतो, आणि गोळी वाढवली की आणखी वाढतो. तिथे गोळी वाढवायची नसते, उतरवायची असते. फेरिटीन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून लोह भरून काढायचं आणि गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनचा आधार देऊन सावकाश उतरायचं. शेवटच्या पायरीनंतरच्या काही रात्री फार वाईट जातात, हे आधी सांगून ठेवलं की माणसं तग धरतात.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याचं ऑपरेशन, डीबीएस, झाल्यावर गोळ्या बऱ्याच कमी होतात, काहींच्या निम्म्यावर येतात. तिथेही हात छान हलतायत म्हणून भराभर उतरवलं तर माणूस खिन्न आणि निरिच्छ होतो. बाबांचा तो विचार आत्ता नको. भास आणि जुगार आटोक्यात आल्याशिवाय कुठलाही शहाणा सर्जन त्यांना टेबलावर घेणार नाही.

घरात लगेच करायच्या गोष्टी. बँकेत जाऊन एकट्याच्या सहीने मोठी रक्कम निघणार नाही अशी व्यवस्था करा, ट्रेडिंगचं ॲप बंद करा, रोजच्या खर्चाचे थोडे रोख पैसे मात्र बाबांच्या खिशात राहू द्या. खिसा पूर्ण रिकामा केला तर माणूस शेजाऱ्यांकडे उसने मागतो, आणि त्याचा मानही जातो. हे बाबांना विश्वासात घेऊन करा. ‘औषधाने असं होतं, औषध कमी होईपर्यंत आपण ही काळजी घेऊ’ असं सांगितलं की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात, कारण आपल्याला काय झालंय हे त्यांनाही कळत नसतं.

एक वही करा. प्रत्येक मात्रेची वेळ, त्यानंतर किती वेळाने हात मोकळा झाला, कधी उतरला, भास किती वाजता, झोप किती, आणि मूड एका शब्दात. माझ्याकडे येणारी चांगली वही अशी असते: ‘मंगळवार, ११ ची गोळी, ११.४० मोकळे, १.५० ला पाय चिकटले, संध्याकाळी सोफ्यावर दोन मुलं, घाबरले नाहीत.’ अशा दोन आठवड्यांच्या नोंदींवरून पुढची पायरी कधी घ्यायची ते पाच मिनिटांत ठरतं. पहिले तीन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा किंवा व्हिडिओवर बोला. आईंना आणि तुम्हाला आधार हवा असेल तर मुंबईत २००१ पासून काम करणाऱ्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे सहायता गट आहेत, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. जुगाराचा अनुभव आलेली कुटुंबं तिथे भेटतात, आणि आईंना ते माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पटेल.

गोळ्या कमी करत असताना ताप आणि कडकपणा एकत्र आले, गिळता येईना, माणूस ओळखत नाहीसा झाला, किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा सुरू झाली, तर वहीबिही बाजूला ठेवा आणि त्याच तासाला आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात जा. जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं, चूर्णाचा डबासुद्धा, पिशवीत घाला आणि कुठली गोळी कोणत्या तारखेला किती कमी केली हे एका कागदावर लिहून वर ठेवा.